आंब्याच्या हंगामापूर्वी धंद्याचा फोन कसा लावून घ्यावा

कोकणातील अनेक बागायतदार वाशीच्या बाजारात पेट्या पाठवण्याबरोबरच पुण्या-मुंबईच्या घरांत थेट आंबा पोहोचवू लागले आहेत, आणि या थेट विक्रीचा जवळजवळ सगळा भार एका स्मार्टफोनवर असतो. मात्र तो फोन कामाला लावताना क्रम बहुतेक वेळा उलटा पडतो. आधी बागेचे फोटो सगळीकडे जातात, मग चौकश्या येऊ लागतात, मग पैसे कोणत्या खात्यावर घ्यायचे याचा विचार सुरू होतो, आणि पत्ता नेमका कोणत्या संदेशात आला होता याची शोधाशोध ऐन तोडणीच्या दिवसांत करावी लागते. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्पा मागच्यावर उभा आहे. घरगुती निवास चालवणाऱ्यांना आणि कोकम, काजू, मासळी विकणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

पहिले चार टप्पे मोहोर धरलेला असताना, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, संपवावेत. बँकेचे काम एका दिवसात होईलच असे नाही, आणि पाडव्यानंतर शाखेत चकरा मारायला कोणाला सवड नसते.

टप्पा १ : क्रमांक, रेंज आणि बँक

धंद्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा. दोन सिमच्या फोनमध्ये तो दुसऱ्या खाचेत बसतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा फोन घेण्याची सक्ती नाही. सिम प्रत्यक्ष धंदा पाहणाऱ्या आणि गावात राहणाऱ्या माणसाच्या नावावर असावे. मुंबईच्या पुतण्याच्या नावावरचे सिम वर्षानुवर्षे चालते, पण ते हरवले की नवे घेण्यासाठी पुतण्याचेच ओळखपत्र आणि बहुधा पुतण्याच लागतो.

कंपनी निवडताना दुकानदाराला विचारून उपयोग नाही, आणि जाहिरात पाहून तर नाहीच. शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन तीन ठिकाणी रेंज पाहावी: घराच्या माजघरात, कलमांच्या बागेत आणि पेट्या भरण्याच्या मांडवात. सड्यावर सगळ्यांचीच रेंज चांगली लागते, म्हणून सड्यावरची चाचणी धरू नये. जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात आत आले की आवाज तुटतो. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करावे. मग रेंज नसतानाही त्याच क्रमांकावर साधे फोन येतात आणि लावता येतात. ही सोय बऱ्याच फोनमध्ये असूनही ती सुरू केलेली नसते.

आता बँक. यूपीआयची नोंदणी त्याच क्रमांकावर होते जो बँकेत खात्याशी जोडलेला आहे आणि ज्याचे सिम त्या फोनमध्ये आहे. म्हणून नवा क्रमांक घेतल्यावर आधी शाखेत जाऊन तो धंद्याच्या खात्याला जोडून घ्यावा, आणि मगच यूपीआयचे ॲप उतरवावे. घरखर्चाचे आणि आंब्याचे खाते एकच असेल तर मे महिन्याच्या अखेरीस कोणाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले हे कळायला मार्ग राहत नाही. खाते वेगळेच हवे.

*तपासणी:* खात्यात घरातल्याच दुसऱ्या माणसाकडून एक रुपया पाठवून घ्यावा. त्याला दिसणारे नाव आपल्याला हवे तसेच आहे का, हे त्याच्याच फोनवर पाहावे. गिऱ्हाईक पैसे टाकताना हेच नाव पाहून विश्वास ठेवते.

टप्पा २ : फोन मोकळा आणि बंदिस्त करणे

फोनमधील जागा भरलेली असली की ॲप अडखळतात, फोटो निघत नाहीत आणि व्हॉट्सॲपची प्रतही (बॅकअप) जतन होत नाही. जुने व्हिडिओ संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर काढून फोनची निदान एक चतुर्थांश जागा मोकळी करावी. त्यानंतर पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. फोनची प्रणाली आणि सर्व ॲप अद्ययावत करावीत. हे काम रात्री घरच्या वाय-फायवर लावून ठेवावे.

२. पडद्याला सहा आकड्यांचे कुलूप लावावे. ठिपके जोडून काढायची नक्षी बागेतले कोणीही दोनदा पाहून लक्षात ठेवू शकते.

३. *#०६# डायल करून दिसणारे आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचे स्वतःचे ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेवावेत. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोन हातात असताना हे काम मिनिटाचे आहे. फोन गेल्यावर ते खोक्यावरच शोधावे लागतात, आणि खोके कोणी जपून ठेवत नाही.

४. बॅटरीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपवरील निर्बंध काढून टाकावेत. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चालणारी ॲप स्वतःहून बंद करतात, आणि मग ॲप उघडल्यावर एकदम वीस संदेश कोसळतात. त्याचा दोष आपण रेंजला देतो.

५. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. नातेवाइकांच्या गटांतील सुप्रभात धंद्याच्या फोनची जागा सर्वांत लवकर खातात.

> सावधान: व्हॉट्सॲपवरून आलेली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल कधीही उघडू नये. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा बँकेची सूचना अशा नावांनी ती येते, आणि ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरूनही येऊ शकते, कारण त्याचा फोन आधीच फसलेला असतो. ती बसवली की आपले एसएमएस, म्हणजेच बँकेचे ओटीपी, दुसऱ्याच्या हाती जातात.

टप्पा ३ : व्हॉट्सॲप बिझनेस मांडणे

साधे व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन स्वतंत्र ॲप आहेत, दोन्ही मोफत आहेत आणि एकाच फोनमध्ये दोन क्रमांकांवर सुखाने नांदतात. परंतु एकच क्रमांक दोन्हींवर एका वेळी चालत नाही. घरचा क्रमांक चुकून बिझनेसमध्ये टाकला तर सगळे घरगुती गट तिकडे जातात, आणि रात्री भावाने पाठवलेल्या विनोदाला आपले ‘आमच्या बागेत आपले स्वागत’ हे उत्तर जाऊ लागते. म्हणून नोंदणी करताना नवा क्रमांक दोनदा वाचावा.

नोंदणी झाल्यावर सर्वप्रथम दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन लावावा आणि त्यासोबत ईमेल द्यावा. हा पिन नसेल तर आपला एक ओटीपी कोणी गोड बोलून काढून घेतला की खाते त्याचे होते, आणि आपल्याच नावाने आपल्या गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले जातात.

त्यानंतर नाव, पत्ता, कामाच्या वेळा आणि बागेचा एकच स्वच्छ फोटो भरावा. मग स्वागत संदेश लिहावा. हा संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काहीच बोलणे न झालेल्या गिऱ्हाइकाला, आपोआप जातो. तो छोटा असावा आणि त्याने पुढची माहिती मागून घ्यावी. उदाहरणार्थ:

“नमस्कार. आपला संदेश मिळाला. आपले शहर, पिनकोड आणि किती पेट्या हव्यात एवढे लिहून ठेवावे. दुपारी एक ते दोन आणि रात्री आठनंतर आम्ही उत्तर देतो. दिवसभर बागेत असल्याने फोन उचलता येईलच असे नाही.”

तयार उत्तरांची सोय सर्वांत जास्त वेळ वाचवते आणि सर्वांत कमी वापरली जाते. एकदा लिहून ठेवलेले उत्तर तिरकी रेघ आणि एक शब्द टाकताच समोर येते. पाच उत्तरे पुरतात: भाव, पैसे भरण्याची माहिती, पेटी कशी पोहोचेल, फळ कसे पिकवावे आणि तक्रार असल्यास काय पाठवावे. पिकवण्याचे उत्तर विसरू नये. पेटी आल्याबरोबर उघडावी, फळे गवतात एकेरी पसरावीत, पूर्ण पिकण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, एवढ्या तीन ओळी आधी पाठवल्या तर अर्ध्या तक्रारी उगवतच नाहीत.

कॅटलॉगमध्ये फळाचे आकार आणि पेटीतील डझन टाकावेत, पण माझ्या मते भाव टाकू नये. हापूसचा भाव आठवड्यात दोनदा बदलतो, कॅटलॉगमधला बदलायचा राहतो, आणि गिऱ्हाईक त्याच आकड्याचा फोटो काढून दाखवते. भाव केवळ ‘भाव’ या तयार उत्तरात ठेवावा, रोज सकाळी तो तपासावा आणि त्यात तारीख लिहावी. आपली बाग भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेली असेल तरच मानांकनाचे नाव कॅटलॉगमध्ये घालावे. हापूसला ते २०१८ साली मिळाले असून त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात, तरी ते चिन्ह वापरण्याचा हक्क नोंदणी केलेल्यांनाच असतो.

*तपासणी:* घरातल्या दुसऱ्या फोनवरून अनोळखी गिऱ्हाईक म्हणून ‘आंबा आहे का?’ असा संदेश टाकावा आणि काय काय येते ते तिऱ्हाइताच्या नजरेने वाचावे.

टप्पा ४ : नावे साठवणे

नावे सिमवर किंवा नुसत्या फोनमध्ये न ठेवता गूगल खात्यात साठवावीत, म्हणजे फोन समुद्रात पडला तरी ती राहतात. नाव लिहिण्याची एकच पद्धत ठरवावी आणि घरातल्या सगळ्यांनी तीच पाळावी. आधी शहर, मग भाग, मग आडनाव आणि शेवटी पहिल्या खरेदीचे वर्ष, अशी पद्धत सोयीची पडते: ‘पुणे कोथरूड’ असे शोधले की त्या भागातील सगळी मंडळी एकत्र दिसतात आणि एका गाडीत कोणाकोणाच्या पेट्या जातील हे लगेच कळते. ‘आंबेवाले काका’ आणि ‘जोशी २’ अशी नावे पुढच्या वर्षी आपल्यालाच उमगत नाहीत.

ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांचीच प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट) करावी; तीतून एकच संदेश प्रत्येकाला वेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, पण आपला क्रमांक ज्यांनी स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच ‘आमचा क्रमांक बागेच्या नावाने साठवून ठेवावा’ अशी विनंती करावी. हंगामात चार-पाच संदेश पुरे. रोज एक फोटो टाकणाऱ्याला लोक अडवतात, आणि पुष्कळांनी तक्रार केली तर खातेच बंद होऊ शकते.

> सावधान: गिऱ्हाइकांचा गट करू नये. गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, ते दुसऱ्या विक्रेत्यालाही मिळतात, आणि एका पेटीतील दोन डागी फळांची तक्रार शंभर घरे एका वेळी वाचतात.

टप्पा ५ : ऑर्डर चॅटमधून बाहेर काढणे

नुकसान सर्वांत जास्त याच टप्प्यावर होते. चॅट ही बोलण्याची जागा आहे, हिशेबाची नाही. पन्नास जणांशी चाललेल्या बोलण्यात ‘शनिवारी पाठवा’ हे वाक्य वर सरकून जाते आणि शनिवार उलटल्यावरच आठवते. त्यामुळे प्रत्येक ऑर्डर त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, एका तक्त्यात उतरलीच पाहिजे. तक्ता गूगल शीट्समध्ये असला तर मुंबईचा मुलगाही तो पाहू शकतो. पण घरातील हिशेब ठेवणाऱ्या माणसाला वही सोपी वाटत असेल तर वहीच ठेवावी आणि रोज रात्री त्या पानाचा फोटो काढावा. न भरलेल्या तक्त्यापेक्षा भरलेली वही केव्हाही बरी.

१. संदेश वाचल्यावर लगेच ‘हो, पाठवतो’ असे लिहू नये. हा होकार गिऱ्हाईक पक्की ऑर्डर समजते आणि आपण चौकशी समजतो.

२. सात गोष्टी विचारून घ्याव्यात: पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता, घरी असणाऱ्याचा फोन, फळाचा आकार, पेट्यांची संख्या, पेटी कोणत्या दिवसांत चालेल आणि दारापर्यंत हवी की उतरवण्याच्या ठिकाणी. शेवटचा प्रश्न हमखास राहतो. खासगी बसने किंवा रेल्वेच्या पार्सलने गेलेली पेटी कोणीतरी जाऊन उतरवून घ्यावी लागते, आणि पहाटे पाचला वाकडला किंवा ठाण्याला उभे राहण्याची तयारी सगळ्यांची नसते.

३. ध्वनिसंदेशाने किंवा फोनवर आलेली ऑर्डरसुद्धा आपण लिहून परत पाठवावी. कलमावर चढलेल्या माणसाने ऐकलेले ‘पाच’ हे पाच पेट्या होते की पाच डझन, हे लिहिल्यावाचून ठरत नाही. पक्का संदेश असा असावा:

“ऑर्डर ४७. कोथरूड, पुणे. पाच डझनांच्या २ पेट्या, मध्यम आकार. शुक्रवार ते रविवारच्या दरम्यान पोहोच. एकूण रक्कम वर दिल्याप्रमाणे, वाहतूक धरून. हे बरोबर असल्यास ‘बरोबर’ असे लिहावे. पैसे जमा झाल्यावर ऑर्डर पक्की होईल.”

४. ‘बरोबर’ असे उत्तर आल्यावरच तक्त्यात नोंद करावी आणि चॅटला लेबल लावावे. ‘नवी’, ‘पैसे आले’, ‘पाठवली’, ‘पोहोचली’ आणि ‘तक्रार’ ही पाच लेबले पुरेशी आहेत. पुढचे लेबल लावताना मागचे काढावे; नाहीतर महिनाभरात प्रत्येक चॅटवर सगळीच लेबले दिसू लागतात.

५. पेटीचे झाकण ठोकण्यापूर्वी भरलेल्या फळांचा एक आणि झाकणावर जाड पेनाने ऑर्डर क्रमांक लिहिल्यानंतर दुसरा, असे दोन फोटो काढावेत. फोटोच्या निमित्ताने भरणाऱ्याचे लक्षही एकदा फळावर जाते. हे फोटो आणि वाहतुकीच्या पावतीचा फोटो गिऱ्हाइकाला त्याच दिवशी पाठवावेत.

६. तक्रार आली तर वाद न घालता पेटीच्या क्रमांकासह सर्व फळांचा एकत्र फोटो मागावा. किती तासांत तक्रार कळवावी हे पैसे भरण्याच्या तयार उत्तरातच आधी लिहिलेले असावे. पेटी पोहोचल्यावर घातलेली अट कोणी मानत नाही, आणि मानूही नये.

घरातील एकाहून अधिक माणसे उत्तर देणार असतील तर ‘जोडलेली उपकरणे’ ही सोय वापरावी. मूळ फोनखेरीज आणखी चार उपकरणांवर तेच खाते चालते. मात्र मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर ती आपोआप तुटतात. त्याआधी कामाची वाटणी ठरवावी. भाव एकानेच सांगावा, पत्ते आणि नोंदी दुसऱ्याने पाहाव्यात. वहिनींनी एक भाव सांगितला आणि दादांनी दुसरा, तर गिऱ्हाईक स्वस्त तो धरते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

*तपासणी:* दर रविवारी ‘पैसे आले’ हे लेबल उघडावे. त्यात चार दिवसांहून जुनी ऑर्डर दिसली तर ती राहून गेलेली आहे असे समजून त्या गिऱ्हाइकाला आपणहून कळवावे.

घरगुती निवासासाठी तक्त्याची रचना बदलते: ओळीत तारखा आणि स्तंभांत खोल्या मांडाव्यात, आणि नोंद झाल्याखेरीज कोणालाही ‘खोली आहे’ असे सांगू नये. मे महिन्यात आणि नाताळात एकच खोली दोन कुटुंबांना जाते ती फोनवर दिलेल्या शब्दामुळेच.

टप्पा ६ : पैसे

यूपीआयने पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि कोणाचा क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे एक वाक्य घरातील फोन हाताळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. सैन्यातील अधिकारी असल्याचे सांगून मोठी ऑर्डर किंवा चार खोल्या एकदम मागणारा, भाव न करणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. असे फोन मुद्दाम घाईच्या वेळी येतात.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. असे चित्र तयार करणे सोपे आहे, आणि ‘रक्कम जमा’ असा खोटा एसएमएसही पाठवता येतो. आपल्या ॲपमधील व्यवहारांची यादी किंवा खात्यातील शिल्लक स्वतः उघडून पाहावी, व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक तक्त्यात लिहावा, आणि मगच लेबल बदलावे. संध्याकाळी रेंज नसेल तर पेटी सकाळपर्यंत थांबली तरी चालते.

दोन मर्यादा आधीच ध्यानात घ्याव्यात. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयने साधारणपणे दिवसाला १ लाख रुपयांपर्यंतच पाठवता येतात आणि बँक याहून कमी मर्यादाही ठेवू शकते. शिवाय नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. म्हणून गड्यांची मजुरी, खोक्यांची रक्कम आणि टेम्पोचे भाडे द्यायच्या आठवड्यात फोन बदलू नये.

> सावधान: फसवणूक झालीच तर लाजत बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळवले तरच ती गोठवण्याची शक्यता राहते.

टप्पा ७ : दारी येणाऱ्यांसाठी नकाशा

गिऱ्हाईक बागेत किंवा निवासावर येत असेल तरच हा टप्पा करावा. गूगलवर व्यवसायाची नोंद मोफत होते. पडताळणीसाठी बहुधा जागेचा व्हिडिओ मागितला जातो, तेव्हा पाटी आधी लावून घ्यावी. खूण मात्र घरावर ठेवू नये. आपली घरे रस्त्यापासून खाली, पाखाडी उतरून असतात. घरावर खूण ठेवली की नकाशा गाडीला भलत्याच पाणंदीत घालतो. गाडी जिथे थांबू शकते त्या जागेवर खूण ठेवावी आणि पुढची वाट दोन ओळींत व एका फोटोत सांगावी. वाडीचा धड पत्ता नसेल तर गूगल नकाशातील प्लस कोड, म्हणजे ती जागा दाखवणारा छोटा कोड, पाठवावा. घाट उतरल्यावर रेंज जाते, तेव्हा पाहुण्यांना त्या भागाचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेण्यास सांगावे.

टप्पा ८ : दिवसाची घडी

प्रत्येक संदेश आल्या क्षणी पाहणाऱ्याची तोड आणि उत्तरे दोन्ही अर्धवट राहतात. सकाळी बागेत जाण्यापूर्वी भाव तपासावा, दुपारी जेवणानंतर उत्तरे द्यावीत, रात्री नोंदी आणि पैसे पाहावेत. मधल्या वेळात ‘व्यत्यय नको’ ही सोय लावावी आणि टेम्पोचालक, भरणीचा माणूस व घरची मंडळी यांना तीतून सूट द्यावी. हात चिकाने भरलेले असताना जीबोर्डवरील (गूगलच्या कीबोर्डवरील) मराठी श्रुतलेखन, म्हणजे बोलून लिहिण्याची सोय, उपयोगी पडते, पण आकडे आणि पिनकोड वाचून पाहिल्याशिवाय पाठवू नयेत.

टप्पा ९ : वीज, पाऊस आणि खारा वारा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कितीतरी गावांत वीज आणि मोबाइलचे जाळे दीर्घकाळ बंद होते. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते आले ते आंबा झाडावर असतानाच. म्हणून महत्त्वाचे वीस क्रमांक आणि चालू आठवड्याच्या ऑर्डर कागदावर असाव्यात, आणि पॉवर बँक सदैव भरलेली असावी.

वळिवाच्या गडगडाटात फोन भिंतीला लावून ठेवू नये. वीज गेली की चार्जर काढावा, आणि ती परत येऊन स्थिर झाल्यावरच लावावा. फोन भिजला तर बंद करून, तोंड खाली धरून पाणी झटकावे आणि वाऱ्यावर सुकू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरल्याने फायदा होत नाही, उलट भुसा खाचेत जातो. चार्जिंगची खाच ओली असताना चार्जर लावला की तिथले धातूचे टोक गंजते, आणि पाणी खारे असेल तर फारच लवकर. उन्हाळ्यात दुचाकीच्या हँडलवर किंवा टेम्पोच्या काचेमागे फोन ठेवू नये. तापलेला फोन चार्ज होणे थांबवतो आणि त्याची बॅटरी कायमची खालावते.

टप्पा १० : प्रत, हरवलेला फोन आणि हंगामाचा शेवट

व्हॉट्सॲपची प्रत रोज रात्री गूगल ड्राइव्हवर जाईल असे लावावे, पण त्यातून व्हिडिओ वगळावेत. अँड्रॉइडवर ही प्रत गूगलच्या मोफत १५ जीबी जागेतूनच वजा होते, आणि ती भरली की प्रत गुपचूप बंद पडते. प्रतीला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तो वहीत लिहावा. तो विसरल्यास व्हॉट्सॲपलाही ती प्रत उघडता येत नाही.

फोन हरवल्यास क्रम असा ठेवावा. प्रथम कंपनीला फोन करून सिम बंद करावे, मग बँकेत यूपीआय थांबवावे, मग दुसऱ्या फोनवरून गूगलद्वारे हरवलेल्या फोनला कुलूप घालावे. त्यानंतर पोलिसांत तक्रार देऊन त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे, आणि तक्रारीची प्रत व आयएमईआय क्रमांक वापरून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो फोन देशभर बंद करावा. अनेक जण आधी दिवसभर फोन शोधत फिरतात आणि सिम दुसऱ्या दिवशी बंद करतात. चोराला तेवढा वेळ पुरतो.

जूनमध्ये शेवटची पेटी गेल्यावर तक्ता वर्षाच्या नावाने वेगळा जतन करावा, उधारी मिटवावी, स्वागत संदेश बदलून ‘हंगाम संपला आहे, पुढील नोंदणी फेब्रुवारीत’ असे लिहावे आणि सर्वांना आभाराचा एकच संदेश पाठवावा. आंबा संपला म्हणून त्या सिमचे रिचार्ज मात्र थांबवू नये. ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही तर क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि १२० दिवस न उघडलेले व्हॉट्सॲप खाते पुसले जाते. फोनच्या कॅलेंडरमध्ये जुलै ते जानेवारी दर महिन्याची एक आठवण लावावी: सिम चालू आहे का पाहणे, एक फोन लावणे, व्हॉट्सॲप उघडणे. सर्वांत स्वस्त रिचार्जची मुदत किती दिवसांची आहे ते पाहून त्याच्या दोन दिवस आधीची तारीख त्यासाठी धरावी.